डेक मोकळा आहे, हे सांगण्याआधी

उन्हाळ्यात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर यॉट भाड्याने घेणारे पाहुणे बहुतेक वेळा खासगी जेटने नीसला उतरतात. तिथून यॉट गाठायला तीन वाटा असतात. एक रस्त्याची, एक टेंडरची, म्हणजे यॉटच्या छोट्या बोटीची, आणि एक हेलिकॉप्टरची. ही तिसरी वाट जिथे संपते तिथे डोक्यावर हेल्मेट आणि कानांवर हेडसेट चढवून मी उभा असतो. एरवी मी यॉटवर सेकंड ऑफिसर. नकाशे, ब्रिजवरचा, म्हणजे बोट चालवायच्या खोलीतला, पहारा, सुरक्षेची उपकरणं ही माझी रोजची कामं. पण हेलिकॉप्टर येणार असलं की मी एचएलओ, म्हणजे हेलिकॉप्टर लँडिंग ऑफिसर. उतरायचं की नाही हा निर्णय पायलटचा आणि बोट कोणत्या दिशेला वळवायची हा कॅप्टनचा. ज्या रंगवलेल्या वर्तुळात हेलिकॉप्टर टेकणार, ती जागा त्या क्षणी तयार आहे का, हे सांगण्याची जबाबदारी माझी.

पाहुण्यांना यातलं फारसं दिसत नाही आणि दिसूही नये. त्यांच्यासाठी ती थोड्या मिनिटांची सफर असते. खाली निळं पाणी, अँटिबचा जुना किल्ला, मग डेकवर हातात येणारा थंड टॉवेल. त्या मिनिटांसाठी किती माणसं किती आधीपासून झटत असतात, आणि त्यातला प्रत्येक जण ‘नाहीच जमलं तर काय’ याचं उत्तर आधीच तयार ठेवून कसा काम करतो, ते मला सांगायचं आहे.

मी रेवदंड्याचा. समुद्रावर उतरणाऱ्या हेलिकॉप्टरशी माझी ओळख मुंबई हायवर झाली. जुहूहून उडालेलं हेलिकॉप्टर किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटरवरच्या त्या तेलक्षेत्रात माणसं नेतं आणि आणतं. चौदा दिवस कामावर, चौदा दिवस घरी. मी एका रिगवर हेलिडेकच्या टोळीत होतो. फोम मॉनिटरवर, म्हणजे आग विझवायचा फेस फेकणाऱ्या तोटीवर, उभं राहायचं, बॅगा उतरवायच्या, घरी निघालेल्यांना रांगेत धरून ठेवायचं. पावसाळ्यात जुहूहून उड्डाणं रद्द झाली की बॅग भरून बसलेली माणसं दिवसभर आकाशाकडे बघत असायची. घरी लग्न असो, बारसं असो, वारा नाही म्हणाला की नाही. हे मी तिथे इतकं पाहिलं की पुढे श्रीमंत पाहुण्यांसमोर तेच सांगताना माझा आवाज कापला नाही.

त्या नोकरीसाठी गोव्यात बेतूलला ओएनजीसीच्या संस्थेत प्रशिक्षण झालं होतं. त्यातला ह्यूएट, म्हणजे पाण्यात बुडालेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडायचा सराव, ज्याने केला तो विसरत नाही. हेलिकॉप्टरच्या केबिनसारखा पिंजरा, त्यात पट्टा बांधून आपण बसलेले, आणि तो पिंजरा तलावात बुडवून उलटा करतात. नाकात पाणी जातं, वर-खाली कळत नाही. शिकवलेलं एकच असतं. एक हात खिडकीच्या चौकटीवर घट्ट ठेवायचा, पाणी भरून हालचाल थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही, खिडकी ढकलायची, मग पट्टा सोडून त्याच हाताच्या आधाराने बाहेर निघायचं. पट्टा आधी सोडला तर माणूस आतच तरंगत राहतो, त्याला दारच सापडत नाही. लाइफ जॅकेट आत असताना फुगवलं तर ते छताला चिकटवून ठेवतं. पाहुण्यांना सुरक्षेच्या सूचना देताना मी हे दोन मुद्दे कधीच घाईत उरकत नाही.

२८ जून २०२२ रोजी मुंबई हायमध्ये सागर किरण रिगजवळ एक हेलिकॉप्टर समुद्रात कोसळलं. आत नऊ जण होते, त्यातले चार जण वाचले नाहीत. मी तेव्हा यॉटवर आलो होतो. बातमी वाचल्यावर जुन्या टोळीतल्या एकेकाला फोन लावत बसलो. त्या संध्याकाळी आमच्या डेकवरच्या बचाव बोटीचा सराव होता. कुणी सांगायच्या आधीच मी तो दुप्पट वेळ घेतला.

यॉटवर एचएलओ व्हायचं तर रिगवरचा अनुभव उपयोगी पडतो, पण तेवढ्यावर भागत नाही. कंपनीने मला स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबरडीनला पाठवलं. उत्तर समुद्रातल्या तेलाच्या धंद्यावर उभं राहिलेलं हे शहर, आणि समुद्रावरच्या हेलिडेकचं बरंचसं शास्त्र तिथेच तयार झालेलं. वर्गात ब्रिटिश हवाई प्राधिकरणाचं ‘कॅप ४३७’ हे दस्तऐवज उघडून बसायचं, आणि दुपारी मैदानात लोखंडी हेलिकॉप्टरला लावलेल्या गॅसच्या ज्वाळा विझवायच्या. आग विझवण्यापेक्षा अवघड असायचं ते टोळीला नेमका हुकूम देणं. कोण फोम मारणार, कोण दार उघडणार, कोण मागे थांबणार, हे धुरात ओरडून सांगायचं असतं आणि एकच वाक्य पुरेसं व्हायला हवं. प्रशिक्षक बाई पूर्वी अग्निशमन दलात होत्या. त्या कुणावर आवाज चढवत नसत, नुसत्या थांबवून पुन्हा करायला लावत. पुन्हा, पुन्हा, पुन्हा.

रिगचा हेलिडेक म्हणजे समुद्रापासून उंचावर, सगळीकडून मोकळा, आणि रिग जागची हलत नाही. यॉटचं तसं नसतं. आमचा डेक मागच्या बाजूला आहे. त्याच्या पुढे तीन मजल्यांची इमारत, तिच्यावर मास्ट, सॅटेलाइटचे घुमट, चिमणी. एरवी त्याच डेकवर पाहुण्यांच्या आरामखुर्च्या, गाद्या, छत्र्या असतात, संध्याकाळी तिथे योगासनं चालतात. हेलिकॉप्टर येणार म्हटलं की हे सगळं उचलून बंद खोलीत न्यायचं. उशी, टॉवेल, वाऱ्यावर उडणारी एखादी कागदी रुमालाची घडीसुद्धा मागे राहता कामा नये. रोटरखाली ती उडाली आणि इंजिनच्या तोंडाशी गेली तर काय होईल ते डेकहँड पोरांना मी पहिल्याच दिवशी चित्र काढून दाखवतो.

डेकवर जे रंगवलेलं असतं त्यातल्या प्रत्येक खुणेला अर्थ आहे. मधला पांढरा ‘एच’, त्याभोवती पिवळं वर्तुळ. पायलटने त्या वर्तुळाच्या हिशोबाने बैठक साधली की शेपटी आणि पाती सगळ्या अडथळ्यांपासून दूर राहतात. कडेला दोन आकडे असतात. एक मीटरमधला, डी-व्हॅल्यू. पाती फिरत असताना हेलिकॉप्टरची सर्वांत मोठी लांबी त्याहून जास्त नको. दुसरा टनांमधला, डेक किती वजन पेलतो तो. आमच्याकडे नेहमी येणारं एच-१४५ साधारण साडेतेरा मीटरचं आणि भरल्यावर पावणेचार टनांच्या आसपासचं. एकदा एका ब्रोकरने मोठं एडब्ल्यू-१३९ पाठवू का, असं विचारलं, कारण त्यात जास्त पाहुणे बसतात. ते साडेसोळा मीटरच्या वर आणि सहा टनांहून जड. उत्तर द्यायला कॅप्टनला विचारावंही लागलं नाही.

आणखी एक फरक लोकांना माहीत नसतो. पुष्कळ यॉटवर पुढच्या डेकला ‘एच’ रंगवलेला दिसतो, पण त्या सगळ्यांवर पैसे देऊन आलेला पाहुणा उतरवता येत नाही. मालक स्वतःच्या हेलिकॉप्टरने आला तर तो खासगी मामला. चार्टरचा पाहुणा आला की ती व्यावसायिक उड्डाणं होतात. मग हेलिकॉप्टर कंपनीकडे तसा परवाना हवा, डेकची रीतसर तपासणी झालेली हवी, आग विझवायची यंत्रणा आणि प्रशिक्षित माणसं हवीत. आमच्या यॉटला केमन आयलंड्सचा झेंडा आहे, म्हणजे तिची नोंदणी तिथली, म्हणून रेड एन्साइन ग्रुपचा, म्हणजे ब्रिटन आणि त्याच्या अखत्यारीतल्या प्रदेशांच्या जहाज नोंदणीगटाचा, यॉट कोड लागू होतो. तो १ जानेवारी २०१९ पासून अमलात आला आणि त्यात हेलिकॉप्टरच्या जागेसाठी स्वतंत्र नियम आहेत. तपासणीला येणारे निरीक्षक पृष्ठभागाचं घर्षणसुद्धा मोजतात. ओल्या डेकवर हेलिकॉप्टर घसरायला नको.

झेंड्याचे नियम झाले, तरी फ्रान्सच्या पाण्यात फ्रान्सची परवानगी लागतेच. टूलाँला नौदलाचं मोठं ठाणं आहे, आणि भूमध्य समुद्रासाठीचे सागरी प्रीफेक्ट, म्हणजे समुद्रावरचे सरकारचे प्रमुख अधिकारी, तिथे बसतात. कोणती यॉट, कोणती हेलिकॉप्टरं, कोणते पायलट, हे सगळं लिहून त्यांच्याकडे अर्ज करावा लागतो, आणि मंजुरी त्या यॉटच्या नावाने निघते. ती मिळाली तरी बंदराच्या हद्दीत किंवा किनाऱ्याला लागून उतरता येत नाही. सेंट ट्रोपे भागात तर हेलिकॉप्टरच्या आवाजाला तिथले रहिवासी वैतागलेले आहेत, आणि तिथे किती उड्डाणं, कुठे, केव्हा यावर प्रशासनाने बंधनं घातली आहेत. मला त्या लोकांचं पटतं. द्राक्षाच्या मळ्यात राहणाऱ्या माणसाने दर वीस मिनिटांनी डोक्यावर घरघर का सोसावी? नीस ते मोनॅको हेलिकॉप्टरने सात मिनिटं लागतात, गाडीने पाऊण तास. तेवढ्यासाठी हेलिकॉप्टर मागणाऱ्यांना मी जमेल तिथे गाडीच सुचवतो. यॉट कॉर्सिकाच्या बाजूला असेल, कुणी आजारी असेल, वेळ खरोखर अडलेली असेल, तेव्हा गोष्ट वेगळी.

गेल्या हंगामात आलेलं एक कुटुंब मला विशेष आठवतं, कारण त्यांच्यात एक मराठी आजी होत्या. कुटुंब लंडनचं, मूळ विलेपार्ल्याचं. आजी, मुलगा, सून, दोन नातवंडं आणि सुनेची बहीण. आठवड्याचा करार, दुपारी बारा ते दुपारी बारा. यॉटच्या भाड्याशिवाय पाहुणे खर्चासाठी आगाऊ रक्कम ठेवतात, साधारण भाड्याच्या २५ ते ३५ टक्के. इंधन, जेवणखाण, बंदराचं भाडं आणि हेलिकॉप्टरही त्यातूनच. त्यामुळे हेलिकॉप्टर नको म्हणणं म्हणजे त्यांचा खर्च वाचवणंही असतं, पण पाहुण्यांच्या मनात तो हिशोब येत नाही. त्यांनी मनात ती सफर आधीच केलेली असते.

त्यांचं जेट सकाळी नीसला उतरणार होतं. नीसला दोन्ही धावपट्ट्या समुद्रात भराव टाकून केलेल्या आहेत, आणि खासगी विमानांना उतरायची वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. उन्हाळ्यात, विशेषतः कानचा चित्रपट महोत्सव किंवा मोनॅकोची शर्यत असते तेव्हा, विमान उभं करायला जागाच मिळत नाही. माणसं उतरवायची आणि रिकामं विमान दुसऱ्या विमानतळावर जाऊन थांबणार, अशी पद्धत. कानजवळच्या मांदलिय विमानतळावर ३५ टनांपर्यंतचीच विमानं चालतात. सेंट ट्रोपेचं ला मोल विमानतळ डोंगरांच्या खोबणीत आहे, धावपट्टी आखूड, तिथे उतरायला पायलटची वेगळी पात्रता लागते. पाहुण्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘आम्ही यॉटच्या जवळच का उतरत नाही?’ त्याचं उत्तर हे असं डोंगर, टन आणि मीटर यांत असतं.

दोन दिवस आधी पाहुण्यांची व्यवस्था बघणाऱ्या आमच्या चीफ स्टुअर्डेसने लंडनला निरोप पाठवला. प्रत्येकाचं वजन हवं, कपड्यांसकट, आणि प्रत्येक बॅगेचं वेगळं. लोक वजन कमी सांगतात. बायकाच नाही, पुरुषही. आम्ही ते ओळखून थोडी जास्तीची जागा ठेवतो. पण हिशोब नुसत्या माणसांचा नसतो. नीसहून निघालेल्या हेलिकॉप्टरमध्ये यॉटपर्यंत येण्याचं इंधन असून चालत नाही. डेकवर उतरता आलं नाही तर परत जमिनीवर जाण्याचं इंधनही त्यात हवं. ते जड असतं. म्हणून सहा माणसं बसली की मोठ्या बॅगा बसत नाहीत, त्या व्हॅनने जातात आणि टेंडरने यॉटवर येतात. टणक चाकांच्या बॅगा तर नकोच, मऊ बॅग कुठेही दाबून बसवता येते. लोकांना हे गैरसोयीचं वाटतं. मला विचाराल तर त्या परतीच्या इंधनामुळेच मी डेकवरून ‘नको’ म्हणू शकतो. पायलटजवळ परत जाण्याची सोय नसेल, तर माझ्या नकाराला काही किंमत उरत नाही.

दुसरा निरोप कपड्यांबद्दल होता. टोप्या, ओढण्या, सुटे स्कार्फ हातातल्या बॅगेत ठेवावेत. त्यावर उत्तर आलं की आई साडीच नेसतात. चीफ स्टुअर्डेस गोंधळली. मी म्हटलं, मी फोन करतो.

‘नमस्कार आजी, मी यॉटवरून बोलतोय. हेलिकॉप्टरमधून तुम्हाला उतरवून घ्यायला मी असणार आहे.’

‘अगं बाई, मराठी! तू कुठचा रे बाळा?’

‘रेवदंड्याचा, आजी.’

‘माझी आत्या चौलला होती. बरं, मला काय ड्रेस घालायला लावणार आहेस का?’

‘नाही. साडी नेसा, पण पदर मागून पुढे घेऊन कमरेला घट्ट खोचा आणि खांद्यावर दोन-तीन पिना लावा. शाल नको. आणि चप्पल मागून पट्टा असलेली घाला.’

‘पिना चार लावीन,’ आजी म्हणाल्या. मग त्यांनी आपलं वजन सांगितलं, आणि ते बरोबर होतं. नीसला पायलटने सगळ्यांना काट्यावर उभं केलं तेव्हा एकट्या आजींचा आकडा जुळला.

त्या सकाळी यॉट अँटिबच्या दक्षिणेला, किनाऱ्यापासून बरीच बाहेर होती. वारा मंद होता, लाट लांब आणि सुस्त. हेलिकॉप्टर निघाल्याचा निरोप आला की डेकवर सगळं ठरल्याप्रमाणे सुरू होतं. त्याआधीच कुंपणाचे खांब आणि जाळ्या आडव्या केलेल्या असतात, झेंड्याची काठी काढलेली असते, क्रेन झोपवलेली असते. दोन फोम मॉनिटर सोडून बघायचे, पाणी जोरात येतंय ना. अग्निशमनाचा पोशाख घातलेले दोघं आपापल्या जागी. बचावाची टेंडर बोट दोन माणसांसह पाण्यात, मागच्या बाजूला पण हेलिकॉप्टरच्या वाटेबाहेर. बाकी सगळे आत, खिडक्या-दारं बंद. पाहुण्यांची मुलं आधीच बोटीवर असतील तर त्यांना काचेआडून बघू देतो, पण दाराला आतून एक माणूस उभा असतो.

ब्रिजवरून पायलटला आकडे जातात. बोटीचा रोख आणि वेग, वाऱ्याची दिशा आणि जोर, हवेचा दाब, तापमान, डेक किती डोलतोय, पुढे-मागे किती, डावी-उजवीकडे किती, वर-खाली किती. कॅप्टन बोट हळू चालवत अशी वळवून धरतो की वारा तिरका यावा. चिमणीचा गरम धूर डेकवरून जाता कामा नये, कारण गरम हवेत हेलिकॉप्टरची उचल कमी होते. मग ब्रिज मला विचारतो. मी एकदा पूर्ण गोल फिरून डोळ्यांनी सगळं बघतो. यादीवर टिक करणं वेगळं आणि बघणं वेगळं. मगच सांगतो, डेक मोकळा आहे.

हेलिकॉप्टर आधी ठिपका असतं, मग आवाज, मग एकदम खूप मोठं. ते बाजूने येतं, क्षणभर पाण्यावर थांबल्यासारखं होतं आणि सरकत वर्तुळावर येतं. खालच्या वाऱ्याने अंगावरचे कपडे शरीराला चिकटतात. टेकल्यावरही कुणी हलायचं नाही. तांबडा लुकलुकता दिवा चालू आहे तोवर जागेवर, आणि पायलटने अंगठा दाखवल्याशिवाय पुढे पाऊल नाही. गेलो तरी पायलटला दिसू अशा बाजूनेच. शेपटीकडे कुणीही, कधीही नाही. मागचं पातं फिरताना डोळ्यांना दिसत नाही.

घाईत असलेले पाहुणे पाती फिरत असतानाच उतरतात, तशी पद्धत आहे आणि नीट सांभाळून करता येते. पण वयस्कर माणूस किंवा लहान मूल असलं की आम्ही पायलटला इंजिन बंद करायला सांगतो. दोन-तीन मिनिटं जास्त जातात. त्या दिवशी पाती पूर्ण थांबली, दिवा विझला, मग मी दार उघडलं. आजींच्या कमरेला लाइफ जॅकेटचा पट्टा साडीवरून नीट बांधलेला होता आणि खांद्यावर चार पिना होत्या. त्यांनी माझा हात धरला तो सरळ जिन्यापर्यंत सोडला नाही. ‘खाली बघू नको म्हणाला तो पायलट,’ त्या म्हणाल्या, ‘मी तर खालीच बघत होते. काय सुंदर दिसतं रे!’

आठवडा चांगला गेला. यॉट हळूहळू पश्चिमेला सरकत सेंट ट्रोपेजवळ पाँपलॉनच्या उपसागरात आली. तिथे पाण्याखाली पॉसिडोनिया नावाचं समुद्रगवत आहे, माशांची पिल्लं त्यात वाढतात, आणि २४ मीटर किंवा त्याहून लांब बोटींना त्यावर नांगर टाकायला मनाई आहे. म्हणून आम्ही बाहेरच्या वाळूवर नांगर टाकला. शेवटच्या दिवशी पाहुण्यांना यॉटवरूनच हेलिकॉप्टरने नीसला जायचं होतं, परवानगी आणि वेळ दोन्ही मिळालेली होती.

आदल्या संध्याकाळी फ्रेंच हवामान खात्याची वादळी वाऱ्याची खास सूचना आली. मिस्त्राल. आमच्याकडच्या मतलई वाऱ्यासारखा हाही जमिनीवरून समुद्राकडे येतो, पण मतलई पहाटे हलकेच सुटतो आणि हा रोनच्या खोऱ्यातून सुटला की दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबत नाही. आणि तो आकाश स्वच्छ करून टाकतो. ढग नाही, पाऊस नाही, ऊन लख्ख. किनाऱ्यालगत डोंगराच्या आडोशाला पाणीही फारसं उसळत नाही, नुसत्या झोतांच्या काळ्या रेघा पाण्यावरून धावताना दिसतात. जेवणाच्या टेबलावर बसलेल्या माणसाला यात धोका कुठे आहे हे दिसणंच शक्य नसतं.

मी आणि कॅप्टन ब्रिजवर बसलो. नांगरावरची बोट वाऱ्याकडे तोंड करते, म्हणजे वारा पुढून येतो, तीन मजल्यांवर आदळतो आणि आमच्या मागच्या डेकवर भोवरे होऊन पडतो. चिमणीचा धूरही तिकडेच. शिवाय झोत बदलले की बोट नांगरावर डावी-उजवीकडे झोके घेते, म्हणजे पायलटने साधलेली दिशा क्षणात बदलते. मग नांगर उचलून, बोट आडवी करून वारा बाजूने घ्यायचा का? त्यासाठी आडोसा सोडून बाहेर जावं लागतं. बाहेर मिस्त्रालची आखूड, उभी लाट, त्यात आडवी धरलेली बोट डोलणार, आणि डोलण्याची आमच्या डेकची मर्यादा काही अंशांचीच आहे. बचावाची टेंडर त्या पाण्यात टाकणं तर आणखीच अवघड. टेंडर पाण्यात नसेल तर उड्डाण नाही, हा आमचा नियम. कॅप्टनने विचारलं, ‘तुझं काय?’ मी म्हटलं, उद्या डेक मिळणार नाही.

रात्रीच हेलिकॉप्टर कंपनीला कळवलं. तिथल्या पायलटने फोनवर फक्त ‘बरं झालं, आधीच सांगितलंत’ एवढं म्हटलं. एजंटने दोन गाड्या ठरवल्या, जेटच्या निघायच्या वेळेसाठी नवी मागणी टाकली, आणि बॅगा पहाटेच्या व्हॅनने जातील असं ठरलं. यातलं काही नव्याने शोधावं लागलं नाही. हेलिकॉप्टर ठरवलं त्याच दिवशी या दुसऱ्या वाटेचे फोन नंबरही लिहून ठेवलेले होते.

सकाळी आजींच्या मुलाला सांगायला कॅप्टन गेला, आणि त्यांनी मला बोलावून घेतलं.

‘अहो, आकाश बघा ना,’ ते म्हणाले. ‘समुद्रही शांत आहे. माझी दुपारी लंडनला मीटिंग आहे.’

मी त्यांना मागच्या डेकवर नेलं. तिथे उभं राहिलं की चेहऱ्यावर वारा एका क्षणी डावीकडून लागत होता, पुढच्या क्षणी मागून, मध्येच गरम धुराचा झोत. मी म्हटलं, ‘साहेब, पायलटला शेवटच्या काही मीटरमध्ये हेच मिळणार. तुम्ही एकटे असता तरी मी हेच सांगितलं असतं.’

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग घड्याळ बघून आत गेले. त्यांची नाराजी गेली असं मी म्हणणार नाही, निरोप घेतानाही ती होती. मीटिंग चुकली की नाही ते मला कळलं नाही. आजी मात्र आधीच तयार होऊन बसल्या होत्या. ‘गाडीनं जाऊ की,’ त्या मुलाला म्हणाल्या, ‘हा रेवदंड्याचा मुलगा सांगतोय ना, तर कशाला वाद?’ आडोशाच्या पाण्यातून टेंडरने त्यांना किनाऱ्यावर पोचवलं. साधारण शंभर किलोमीटर रस्ता, तोही ऑगस्टच्या गर्दीचा. संध्याकाळी एजंटचा निरोप आला की जेट निघालं.

कोकणातली बरीच मुलं आता यॉटकडे वळू बघतात, विचारायला फोन येतात. त्यांना माझं सांगणं असं. मूलभूत एसटीसीडब्ल्यू, म्हणजे जहाजावर काम करणाऱ्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांचं, प्रशिक्षण आणि वैद्यकीय प्रमाणपत्र तर लागतंच. फ्रान्समध्ये बोटीवर रुजू व्हायला येताना व्हिसाची कागदपत्रं कंपनीकडून आधी हातात घ्या, विमानतळावर पोचल्यावर नाही. रेडिओवर इंग्रजी स्पष्ट बोलता आली पाहिजे, भारी शब्द नकोत, तुटक आणि नेमकी हवी. आणि मुंबई हायवर कुठल्या रिगवर किंवा जहाजावर हेलिडेकच्या टोळीत काम केलं असेल, फोम मॉनिटरवर उभे राहिले असाल, बेतूलचा ह्यूएट केला असेल, तर ते अर्जात तळाशी बारीक अक्षरात टाकू नका. मोठ्या यॉटना नेमकी तशी माणसं हवी असतात आणि ती त्यांना सहज सापडत नाहीत. ते पहिल्या ओळीत लिहा.